दोन इंजिनांची छोटी विमानं का पडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ज्या विमानांबद्दल बोलतोय ती साधारण ५,७०० किलोच्या आतली: पायपर सेनेका आणि सेमिनोल, बीचक्राफ्ट बॅरन, सेसना ३१० आणि ४०२, ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेत दिसणारं डायमंड डीए-४२. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये सगळ्यांत जास्त नाव येतं ते किंग एअरचं. ते टर्बोप्रॉप आहे, म्हणजे जेटसारखं टर्बाइन इंजिन त्याचा पंखा फिरवतं; ताकदवान आहे, पण हवेचे नियम त्यालाही तेच. उड्डाण शिकणारी मुलं, त्यांचे पालक आणि चार्टर विमानात बसायची वेळ आलेले लोक जे प्रश्न विचारतात, ते खाली आहेत.

दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हे बरोबर ना?

नाही. दोन इंजिनं असली की त्यांतलं एखादं बिघडण्याची शक्यता दुप्पट होते. फायदा तेव्हाच, जेव्हा उरलेलं इंजिन विमानाला उचलून धरू शकतं आणि वैमानिक पुढची काही सेकंदं नीट वागतो. मोठ्या प्रवासी विमानात पहिली अट कायद्यानेच पूर्ण करून घेतलेली असते. छोट्या विमानात ती बऱ्याचदा पूर्ण होत नाही.

अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने १९७२ ते १९७६ या काळातले, इंजिन बंद पडल्यानंतर झालेले छोट्या दुहेरी-इंजिन विमानांचे अपघात एकत्र तपासले होते. इंजिन बिघडून अपघात झालाच, तर तो जीवघेणा ठरण्याचं प्रमाण एका इंजिनाच्या विमानांपेक्षा या विमानांत कितीतरी जास्त निघालं. एकच इंजिन असलेल्या वैमानिकापुढे पर्याय नसतो. तो नाक खाली करतो, शेत शोधतो आणि कमी वेगात, पंख सरळ ठेवून उतरतो. दोन इंजिनांच्या वैमानिकाला अजून उडत राहता येईल असं वाटत असतं, आणि त्या प्रयत्नात विमान उलटं होऊन पडतं. मात्र या आकडेवारीला एक दुसरी बाजू आहे, ती सांगायलाच हवी. एक इंजिन बंद करून जे वैमानिक धावपट्टीवर सुखरूप परतले, त्यांची नोंद अपघातांच्या यादीत होतच नाही. त्यामुळे ‘दोन इंजिनं जास्त धोकादायक’ असा सरसकट निष्कर्ष मी काढणार नाही.

एक इंजिन बंद पडलं की नेमकं काय होतं?

बैलजोडीतला एक बैल मटकन बसला तर गाडी थांबत नाही, बसलेल्या बैलाच्या बाजूला वळते. विमानाचंही तसंच. चालू इंजिन पंखावर, मधल्या रेषेपासून दूर बसवलेलं असतं. त्याच्या ओढीने नाक बंद इंजिनाकडे फिरतं. चालू बाजूचा पंख जास्त वारा घेतो, उचलला जातो, आणि विमान बंद बाजूला कलंडायला लागतं. हे थांबवण्यासाठी वैमानिकाकडे मुख्यतः रडर असतो, म्हणजे शेपटीची उभी हलती फळी. ती पायाने दाबून नाक सरळ ठेवायचं.

गोम अशी की रडरचा जोर वाऱ्याच्या वेगावर अवलंबून असतो. वेग कमी होत गेला की एक क्षण येतो जेव्हा पूर्ण पाय दाबूनही नाक आवरत नाही. त्या वेगाला व्हीएमसी म्हणतात आणि वेगदर्शकावर तिथे लाल रेघ असते. त्याखाली गेलात, चालू इंजिन पूर्ण जोरात आहे, तर विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळून पाठीवर जातं. सुटका एकच: चालू इंजिनाचा जोर कमी करा आणि नाक खाली घाला. जमीन दोनशे फुटांवर दिसत असताना या दोन्ही गोष्टी करायला हात धजत नाहीत. बहुतेक मृत्यू तिथे आहेत.

वेगदर्शकावर एक निळी रेघही असते. एका इंजिनावर सगळ्यांत चांगलं चढायचं तर तोच वेग धरायचा. सेमिनोलमध्ये लाल रेघ ५६ नॉटला (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल) आणि निळी ८८ नॉटला. इंजिन गेल्यावर वैमानिकाचं सारं आयुष्य या दोन रेघांच्या मधल्या जागेत असतं, आणि त्याने निळीला चिकटून राहायचं असतं.

लाल रेघ कायमची पक्की नसते, हेही विद्यार्थी विसरतात. सामान मागे लादलं आणि गुरुत्वमध्य मागे सरकला की खरा व्हीएमसी वाढतो. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्यावर गरगर फिरत राहिला तरी वाढतो. चालू इंजिनाकडे पाचेक अंश कल ठेवला तर आटोक्यात राहतो. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनांच्या विमानात उंचीवर जोरच कमी मिळतो, त्यामुळे व्हीएमसी खाली येतो. पण स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांना विमान उचलून धरता येत नाही तो वेग, तिथेच राहतो. दोन्ही एकमेकांजवळ आले की स्टॉल आणि वळण एकदम घडतं, आणि विमान थेट गिरकीत जातं. या वर्गातल्या विमानांना गिरकीतून बाहेर काढून दाखवण्याची चाचणी प्रमाणपत्रासाठी सक्तीची नसते.

डावं इंजिन जाणं उजव्यापेक्षा वाईट, असं का म्हणतात?

दोन्ही पंखे वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असतील तर, नाक वर असताना प्रत्येक पंख्याची उजवी, खाली येणारी पाती जास्त ओढते. त्यामुळे उजव्या इंजिनाची ओढ मधल्या रेषेपासून आणखी लांब जाते. डावं बंद पडून उजवं उरलं तर नाक जास्त जोरात फिरतं. म्हणून डाव्याला क्रिटिकल इंजिन म्हणतात. सेनेका आणि सेमिनोलमध्ये पंखे एकमेकांच्या उलट फिरवून हा फरक काढून टाकला आहे. वळण मात्र उरतंच.

निम्मी ताकद उरते, मग विमान निम्म्या दराने तरी चढायला हवं ना?

हा गैरसमज सगळ्यांत जास्त दिसतो. इंजिनांचा बराचसा जोर विमान नुसतं पातळीवर ठेवण्यातच खर्च होतो. चढणं होतं ते उरलेल्या शिलकीवर. एक इंजिन गेलं की ताकद ५० टक्के जाते, पण शिल्लक जवळजवळ संपते. चढण्याची क्षमता ८० ते ९० टक्के कमी होते. सेमिनोल दोन इंजिनांवर मिनिटाला सुमारे १,३०० फूट चढतं. एका इंजिनावर, नव्या विमानात, बंद पंखा फेदर करून (पाती वाऱ्याला धारेने उभी करून), चाकं आत घेऊन, वेग अचूक धरून: सुमारे २०० फूट.

हा आकडाही समुद्रसपाटीचा, थंड हवेचा. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांवर असताना तिथली हवा प्रमाण वातावरणातल्या सुमारे ५,४०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. सेमिनोलची एका इंजिनावरची कामाची कमाल उंची ३,८०० फुटांच्या आसपास आहे. म्हणजे भरलेलं विमान घेऊन त्या दुपारी उड्डाण केलं आणि लगेच एक इंजिन गेलं, तर चढणं विसरायचं. मग समोरची मोकळी जागा बघायची.

आणि हे बेकायदा नाही. अमेरिकेच्या जुन्या प्रमाणपत्र नियमांनुसार ६,००० पौंडांपर्यंतच्या आणि ६१ नॉट किंवा त्याहून कमी वेगाला स्टॉल होणाऱ्या विमानाने एका इंजिनावर चढून दाखवायची अटच नव्हती. ५,००० फुटांवर काय होतं ते मोजून पुस्तिकेत लिहायचं, एवढंच. ते उत्तर उणे असलं तरी चालायचं.

टेकऑफला इंजिन गेलं तर वैमानिकाने काय करायचं असतं?

खरा निर्णय इंजिन सुरू करण्याआधी घ्यायचा असतो. आजच्या वजनाला, आजच्या तापमानाला थांबायला किती धावपट्टी लागेल? चाकं खाली असतानाच इंजिन गेलं तर: दोन्ही थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचे दांडे) बंद, सरळ पुढे उतरा, कुंपणाला धडकलात तरी चालेल. चाकं आत गेली आणि निळी रेघ हातात आहे, तरच पुढे जायचं.

पुढे जायचं ठरलं तर क्रम ठरलेला आहे. आधी विमान ताब्यात: नाक सरळ, वेग निळ्या रेघेवर. मग चाकं आणि फ्लॅप (पंखांमागच्या खाली येणाऱ्या फळ्या) आत. मग कोणतं इंजिन गेलं ते ओळखा. प्रशिक्षक ‘डेड फूट, डेड इंजिन’ म्हणत घोकून घेतात: जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. त्याचं थ्रॉटल मागे ओढून खात्री करा. काहीच फरक पडला नाही तर ओळख बरोबर. मग त्याचा पंखा फेदर करा, म्हणजे पाती वाऱ्याला धारेने उभी राहतील आणि अडथळा कमी होईल. हे सगळं तोंडपाठ असतं. कॉकपिटमध्ये धक्का बसल्यावर क्रम उलटापालट होतो, म्हणून उड्डाणाआधी मोठ्याने म्हणायची सवय लावतात.

घाईत चुकीचंच इंजिन बंद करतात, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि अनुभवी माणसंही करतात. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाचं एटीआर-७२ पडलं, ४३ जण गेले. ते विमान या वर्गापेक्षा खूप मोठं होतं आणि कॉकपिटमध्ये एकाहून जास्त वैमानिक होते. तरी एक इंजिन गेल्यावर त्यांनी चालू असलेलं दुसरं बंद केलं.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ॲडिसनला ३० जून २०१९ रोजी किंग एअर ३५० उड्डाणानंतर लगेच एका हँगरवर कोसळलं, दहाही जण गेले. डाव्या इंजिनाचा जोर कमी झाला होता. पाय उजवा दाबायला हवा होता. वैमानिकाने आधी डावा दाबला, साधारण सेकंदाने उजवा. तोवर उशीर झाला होता.

दोन्ही इंजिनं एकदम कशी बंद पडू शकतात?

दोघांना सामाईक अशी एखादी गोष्ट बिघडली की पडतात. सगळ्यांत पहिली सामाईक गोष्ट म्हणजे इंधन. टाकी रिकामी झाली, टाक्यांची निवड चुकली, इंधनात पाणी आलं, तर दोन इंजिनं काय आणि चार काय. त्याहून वाईट म्हणजे चुकीचं इंधन. पिस्टन इंजिनाला ॲव्हगॅस लागतं, निळसर रंगाचं. टर्बोप्रॉप आणि जेटला एटीएफ, म्हणजे रॉकेलच्या जातीचं. अमेरिकेत इंडियानातल्या कोकोमो इथे ऑक्टोबर २०१९ मध्ये एका पायपर एरोस्टारमध्ये जेटचं इंधन भरलं गेलं. जेटच्या नळीचं तोंड मुद्दाम रुंद ठेवतात, ते पिस्टन विमानाच्या टाकीत नीट बसू नये म्हणून. भरणाऱ्याने नळी तिरकी धरून भरलं. विमान उडालं, थोड्याच वेळात पडलं, वैमानिक गेला. नळी बसत नाही, ही धोक्याची घंटा होती. इंधन भरताना वैमानिकाने स्वतः उभं राहावं, हा नियम अशा घटनांमुळेच.

दुसरी सामाईक गोष्ट वीज. जर्मनीत श्पायरला मार्च २००७ मध्ये डीए-४२ची बॅटरी उतरलेली होती. बाहेरच्या विजेवर एक इंजिन सुरू केलं, दुसरं विमानाच्याच विजेवर. उड्डाण झालं, चाकं आत घेतली. चाकं ओढणाऱ्या मोटरने एवढी वीज खेचली की क्षणभर विजेचा दाब पडला, दोन्ही इंजिनांचे संगणक एकदम रिसेट झाले आणि दोन्ही पंखे थांबले. विमान शेतात उतरलं, माणसं वाचली. नंतर त्या संगणकांना स्वतंत्र राखीव बॅटरी देण्यात आली. असे अपघात मला सगळ्यांत शिकवणारे वाटतात, कारण कुठलाही सुटा भाग खराब नव्हता.

तिसरा प्रकार ऑस्ट्रेलियातला. ३१ मे २००० च्या रात्री ॲडलेडहून व्हायअलाला निघालेलं पायपर चीफ्टन स्पेन्सर आखातात पडलं, आठही जण गेले. डाव्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट मोडला होता, उजव्याच्या सिलिंडरमध्ये भोक पडलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेचं म्हणणं, डावं आधी गेलं आणि उजव्यावर भार आला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कोरोनरने उलट म्हटलं, उजवं आधी गेलं. कुणाचंही खरं धरलं तरी एका इंजिनाची कथा दुसऱ्यापासून सुटी करता येत नाही.

जास्त माणसं, जास्त सामान: खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि दोन प्रकारे. अमेरिकी गायिका आलिया २५ ऑगस्ट २००१ रोजी बहामातल्या मार्श हार्बरहून सेसना ४०२बी मधून निघाली. वैमानिकासह नऊ जण आणि चित्रीकरणाचं सामान. विमान मर्यादेपेक्षा बरंच जड होतं, भार मागे सरकलेला होता, आणि त्या वैमानिकाला त्या कंपनीसाठी ते विमान उडवायची परवानगीच नव्हती. धावपट्टी संपल्यावर लगेच पडलं, कुणीही वाचलं नाही. इंजिनाचा इथे संबंध नाही.

दुसरा प्रकार हळू चालतो. २२ ऑक्टोबर २००९ रोजी दिवी दिवी एअरचं आयलंडर कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटाहून शेजारच्या बोनेरला निघालं. वाटेत एक इंजिन गेलं. वैमानिकाने मागे फिरण्याऐवजी पुढेच जायचं ठरवलं. विमान परवानगीपेक्षा जड होतं, त्यामुळे एका इंजिनावर उंची टिकेना. थोडं थोडं खाली येत अखेर बोनेरजवळ समुद्रात उतरवावं लागलं. नऊही प्रवासी वाचले, वैमानिक वाचला नाही. ‘दुसरं इंजिन तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत नेतं’ हा हँगरमधला जुना विनोद अशाच घटनांवरून आलाय.

पण आपल्याकडचे अपघात तर खराब हवामानातच झालेले वाचतो?

बऱ्याच अंशी हो. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. त्यांचं किंग एअर सी-९० उत्तर प्रदेशात मैनपुरी जिल्ह्यात वादळी हवेत कोसळलं, पत्रकारांसह आठही जण गेले. त्याआधी जुलै १९९४ मध्ये पंजाबचे राज्यपाल सुरेंद्र नाथ यांचं किंग एअर हिमाचलच्या डोंगरात धडकलं होतं.

दोन इंजिनांच्या विमानात रडार, ऑटोपायलट, बर्फ झटकायची साधनं असतात. म्हणून ज्या हवामानात छोटं विमान घेऊन कुणी निघणार नाही, त्यात लोक निघतात. पुढे नेत्याची सभा ठरलेली असते आणि मागे बसलेला माणूस घड्याळ बघत असतो. हा दबाव अहवालात एखाद्या ओळीत येतो, पण माझ्या मते तो इंजिनाइतकाच महत्त्वाचा आहे.

दोनदा फॉर्म्युला वन विजेता ठरलेला ग्रॅहम हिल स्वतः पायपर अझ्टेक चालवत २९ नोव्हेंबर १९७५ च्या रात्री फ्रान्सहून परतत होता. लंडनजवळ एल्स्ट्रीला दाट धुकं. आर्कलेच्या गोल्फ मैदानावर विमान पडलं, सहाही जण गेले. उपकरणांच्या भरवशावर उडण्याची त्याची परवानगी संपलेली होती. अमेरिकेतल्या मिसूरी राज्याचे गव्हर्नर मेल कार्नाहन १६ ऑक्टोबर २००० रोजी सेसना ३३५ मध्ये गेले. रात्र, खराब हवा, त्यात विमानाचा कल दाखवणारं मुख्य उपकरण बंद पडलं, आणि वैमानिक असलेल्या त्यांच्या मुलाला वर-खाली कळेनासं झालं. ढगात शरीराला ‘मी सरळ आहे’ असं ठामपणे वाटत असताना विमान गिरकी घेत असू शकतं.

इंजिनं ठणठणीत, हवा ठीक, तरी अपघात?

होतात. दिल्लीत २२ डिसेंबर २०१५ रोजी रांचीला निघालेलं सीमा सुरक्षा दलाचं किंग एअर बी-२०० द्वारकेजवळ भिंतीवर आदळलं, दहा जण गेले. उड्डाणानंतर लगेच ऑटोपायलट लावताना दिशेची निवड नीट झाली नव्हती, विमान वळत गेलं, आणि ते वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. मेलबर्नच्या एसेन्डनला २१ फेब्रुवारी २०१७ रोजी बी-२०० एका शॉपिंग सेंटरवर पडलं, पाच जण गेले. रडरचा ट्रिम (पायाने दाबून न धरता रडर एका जागी ठेवणारी जुळणी) पूर्ण डावीकडे राहिला होता, जो तपासणी यादीत बघायचा असतो. अमेरिकी सिनेटर पॉल वेलस्टोन यांचं किंग एअर २००२ मध्ये मिनेसोटात उतरताना वेग कमी पडून स्टॉल झालं. दुबईत मे २०१९ मध्ये डीए-६२ मोठ्या एअरबसच्या मागे सुटलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडलं, चार जण गेले.

घाटकोपरचा अपघात कोणत्या प्रकारात बसतो?

२८ जून २०१८. किंग एअर सी-९०, पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचं, नंतर खाजगी मालकीचं. जुहूहून चाचणी उड्डाणाला निघालं होतं, पावसाळी दुपार होती. जीवदया लेनजवळ बांधकाम चालू असलेल्या जागेत पडलं. विमानातले दोन वैमानिक, दोन अभियंते आणि रस्त्यावरचा एक पादचारी असे पाच जण गेले. ज्या विमानावर बरंच काम झालंय त्याचं पहिलं उड्डाण हे सर्वांत अनिश्चित असतं. ते दाट वस्तीवर, ढग खाली आलेले असताना का करावं, हा प्रश्न मुंबईकरांनी तेव्हा विचारला होता आणि तो रास्त होता.

शिकवताना अपघात होतात का?

पूर्वी खूप झाले. इंजिन गेल्याचा सराव म्हणून प्रशिक्षक टेकऑफनंतर लगेच एक इंजिन मागे ओढायचे, आणि खोटा प्रसंग खरा व्हायचा. व्हीएमसी दाखवता दाखवता विमानं गिरकीत गेली. आता अमेरिकी परीक्षेच्या निकषात हा सराव जमिनीपासून ३,००० फुटांच्या वरच आटोपायचा असतो. जमिनीजवळचे प्रसंग सिम्युलेटरमध्ये करावेत. जिथे सिम्युलेटर धूळ खात पडलेला दिसेल, तिथे फी भरण्याआधी विचार करा.

इंजिनं मागे-पुढे बसवली तर वळण्याचा प्रश्नच मिटेल की!

सेसनाने तेच केलं: ३३७ स्कायमास्टर, एक इंजिन नाकावर, एक पाठीमागे. वळण खरंच मिटलं. मग नवीनच अडचण: धावपट्टीवर मागचं इंजिन बंद पडलेलं वैमानिकाला कळायचंच नाही, आणि तो एकाच इंजिनावर उडायला निघायचा. शेवटी कॉकपिटमध्ये ‘एका इंजिनावर टेकऑफ सुरू करू नका’ अशी पाटी लावावी लागली.

तपास करणाऱ्यांना कळतं कसं? ब्लॅक बॉक्स असतो का?

या वर्गातल्या बऱ्याच विमानांना तो सक्तीचा नाही. मग तपास अवशेषांवरून होतो. पंख्याची पाती कशी वाकली आहेत यावरून आदळताना इंजिन जोरात होतं की नुसतं फिरत होतं ते कळतं. इशारा-दिव्यांच्या तारा ताणल्या असतील तर दिवा तेव्हा पेटलेला होता. ट्रिमचा स्क्रू किती फिरलाय ते मोजतात. एसेन्डनला तेच निर्णायक ठरलं. आणि आधी विमान सापडायला हवं. अमेरिकी खासदार हेल बॉग्ज यांचं सेसना ३१० ऑक्टोबर १९७२ मध्ये अलास्कात नाहीसं झालं, ते आजवर मिळालेलं नाही. आपोआप संकेत पाठवणारा ट्रान्समीटर सक्तीचा होण्यामागे ती घटना होती.

चार्टरने जायचं आहे. मी काय विचारू?

वैमानिक एक की दोन? दोन असू द्या, नियमाने एक चालत असला तरी. या महिन्यात या प्रकारच्या विमानावर त्यांनी किती उड्डाणं केली? सामानाचं आणि तुमचं वजन काट्यावर घेतलं की अंदाजाने लिहिलं? अंदाजाने लिहिलं असेल तर काट्यावर घ्यायला सांगा, संकोच नको. रात्री किंवा पावसात छोट्या धावपट्टीवर उतरायचं असेल, तर तिथे उपकरणांवर उतरण्याची सोय आहे का आणि नसेल तर पर्यायी विमानतळ कोणता, त्यासाठीचं इंधन भरलंय का? आणि वैमानिक ‘आज नको’ म्हणाला तर पैसे परत मिळतात का, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.